नवव्या हिश्शाचे इंजिन, अख्खा माणूस

मिरज जंक्शनवर एके काळी तीन निरनिराळ्या रुंदीचे रूळ होते. सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरो गेज कुर्डुवाडी-पंढरपूरकडून सरकत सरकत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉड गेज आली. त्यानंतर बरीच वर्षे हे तिन्ही रूळ शेजारी शेजारी नांदले. ज्याला घरच्या वर्कशॉपमध्ये, माणसे बसवून ओढणारे छोटे डिझेल इंजिन शून्यापासून बनवायचे आहे, त्याने मिरजेचा हा इतिहास आधी डोळ्यांखालून घालावा. त्याच्यापुढचा पहिला प्रश्नही गेजचाच असतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढची सगळी मेहनत वाकड्या पायावर उभी राहते.

बार्शी लाइटचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा या बाबतीत गुरू मानावा असा इंजिनिअर. त्याने इंजिनापासून सुरुवात केली नाही. आधी गेज ठरवला, मग एका आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही असे ठरवले. त्या भाराला पुरतील असे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ निवडले आणि इंजिन, वाघिणी, डबे हे सगळे त्या एका आकड्यात बसवले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली ती या हिशेबावर. छंदापायी इंजिन बनवणारे बहुतेक जण याच्या उलट वागतात. आधी कॅबचा आकार, रंग, हेडलाइट आणि नंबरप्लेट, आणि मग रूळ वाकले की डोक्याला हात.

पुण्यात बी. एस. जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तिथल्या गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. त्या पाहायच्या, त्यांत बसायचे नाही. दुसऱ्या टोकाला पेशवे पार्कातली फुलराणी. ती १९५६ पासून मुलांना फिरवते, पण कुठल्या खऱ्या इंजिनाची मोजून काढलेली प्रतिकृती ती नाही. आपला विषय या दोहोंच्या मधला आहे: मापाबरहुकूम लहान केलेले, तरीही माणसांना ओढणारे इंजिन. हा खेळ इंग्लंडात रुजला. सर आर्थर हेवूड यांनी १८७० च्या दशकात डफिल्ड येथे आपल्या इस्टेटीवर पंधरा इंची गेजची गाडी चालवून दाखवली. पुढे १९२० च्या दशकात एक गमतीदार वाद रंगला. अडीच इंची गेजचे, खरा कोळसा जाळणारे चिमुकले इंजिन माणसाला ओढू शकेल का? ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने ते प्रत्यक्ष ओढवून दाखवले आणि वाद मिटला. आज या छंदात पाच इंच आणि सव्वासात इंच हे दोन गेज जास्त चालतात. वॉल्ट डिस्ने यांनी १९५० मध्ये आपल्या घराभोवती टाकलेली गाडीही सव्वासात इंचीच होती.

आपण सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर घेऊ. नमुना म्हणून डब्ल्यूडीएम-२. पुणे-मिरज मार्गावर आदर्कीच्या घाटात दम खात चढणाऱ्या गाड्या पाहत मोठी झालेली सातारा-सांगलीची पिढी या घराण्याच्या इंजिनांना आवाजावरून ओळखते. अमेरिकेच्या अल्को कंपनीचे हे डिझाइन, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा आस, वजन सुमारे ११२.८ टन, लांबी १७.१२ मीटर. भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. त्याला १८४ ने भागा, उत्तर ९.१ येते. म्हणजे आपले इंजिन खऱ्याच्या नवव्या हिश्शाचे: लांबी १ मीटर ८८ सेंटिमीटर, रुंदी साधारण ३१ सेंटिमीटर, उंची ४६ सेंटिमीटर, चाकाचा व्यास १२० मिलिमीटर.

इथपर्यंत सोपे आहे. गंमत वजनापासून सुरू होते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ९.१ पटींनी घटतात, म्हणून वजन ९.१ च्या घनाने, म्हणजे सुमारे ७५० पटींनी घटते. ११२.८ टनांचे होतात दीडशे किलो. २६०० अश्वशक्तीचे त्याच हिशेबाने होतात साडेतीन. पण मागे बसणारा माणूस साठ-पासष्ट किलोचाच राहतो. खऱ्या गाडीत इंजिनापुढे एका प्रवाशाचे वजन म्हणजे काहीच नाही. आपल्या गाडीत तीन मुले बसली की इंजिनाच्या निम्म्याहून जास्त भार झाला. या छंदातली जवळजवळ प्रत्येक अडचण याच एका विषमतेतून निघते.

आकडे मांडून पाहू. इंजिन १५० किलो, चालक ६५, चाळीस किलोचे तीन डबे म्हणजे १२०, आणि तीस-तीस किलोची नऊ मुले म्हणजे २७०. एकूण ६०५ किलो. लहान चाकांच्या गाडीचा घरंगळण्याचा विरोध वजनाच्या दोन टक्के धरणे शहाणपणाचे, म्हणजे बारा किलो ओढ. पन्नासास एक असा चढ असेल तर त्यासाठी आणखी बारा. चोवीस किलोची ओढ ताशी ८ किलोमीटर वेगाने द्यायला सुमारे सव्वापाचशे वॉट शक्ती लागते. साडेतीन अश्वशक्तीची गरजच नाही, एक अश्वशक्ती सहज पुरते. मग कमी कुठे पडते? पकडीत. पोलाद पोलादावर घसरते. कोरड्या रुळावर वजनाच्या वीस-पंचवीस टक्के ओढ मिळते, दव पडले किंवा रुळावर पाने चिरडली गेली की दहा टक्क्यांवर येते. दीडशे किलोच्या इंजिनाला कोरड्यात तीस किलो, ओल्यात फक्त पंधरा. चढावर लागतात चोवीस. सकाळी लवकर गाडी काढली की चाके जागच्या जागी भिरभिरणार. खरे डब्ल्यूडीएम-२ सुरुवातीला साडेतीस टनांची ओढ देते, म्हणजे वजनाच्या सत्तावीस टक्के, पण त्याच्याकडे रुळावर वाळू सोडायची सोय असते. आपण सरळ वजन वाढवावे. दोन बोगींच्या, म्हणजे तीन-तीन आसांच्या चाकगाड्यांच्या मध्ये, जिथे खऱ्या इंजिनाची ५००० लिटरची डिझेल टाकी असते, तिथे पोलादी पाटा टाकून इंजिन दोनशे किलोचे करावे. हे माप सोडून वागणे झाले हे खरे, पण ते बाहेरून दिसत नाही.

आता डिझेलचे. अनेकांचा आग्रह असतो की डिझेल इंजिन म्हटले की आत डिझेलच जळले पाहिजे. हा आग्रह मला समजतो, पण पटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटले पाहिजे. सिलिंडर जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग मोठा, आणि तितकी ती उष्णता भिंतींतून निसटते. नवव्या हिश्शाला हे प्रमाण नऊपट होते. अल्कोच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे अकरा लिटर, ते आपल्याकडे साडेचौदा घनसेंटिमीटर होईल. एवढ्या हवेत जळण्याजोगे डिझेल म्हणजे प्रत्येक फवाऱ्याला जेमतेम एक घन मिलिमीटर. ते अचूक मोजून, बारीक फवारून, मिनिटाला शेकडो वेळा, आणि असे सोळा सिलिंडर! विमानांच्या मॉडेलमध्ये ‘डिझेल’ म्हणून चालणारी छोटी इंजिने असतात, पण त्यांचे इंधन ईथर मिसळलेले असते. शेतातल्या पंपावरचे पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन घालावे, तर ते शंभर किलोहून जड, आणि ४६ सेंटिमीटरच्या टपात उभेच राहत नाही.

खरे डिझेल जाळायचेच असेल तर एक वाट आहे, आणि ती पुन्हा मिरजेतूनच जाते. १८४ मिलिमीटरचे तेच रूळ, पण नमुना ब्रॉड गेजचा न घेता अडीच फुटी नॅरो गेजचा घ्या. ७६२ ला १८४ ने भागले की ४.१ येते. म्हणजे इंजिन चौथ्या हिश्शाचे होते. माथेरानच्या दोन फुटी गाडीचे घेतले तर साडेतीनव्या हिश्शाच्याही वर. प्रत्यक्षात धाकटे असलेले इंजिन नमुन्यात थोरले होते, टपात खरे यंत्र मावते आणि चालकाला आत पाय सोडून बसताही येते. पहिलेच इंजिन बनवणाऱ्याला मी हाच सल्ला देईन. पण आदर्की घाटातली अल्कोच मनात घर करून बसली असेल तर बॅटरी घाला आणि खंत करू नका. वाराणसीच्या त्याच कारखान्याने २०१८ मध्ये दोन जुन्या डिझेल इंजिनांच्या सांगाड्यांतून एक जोड विद्युत इंजिन घडवले. पुणे-मिरज मार्गावरही आता डोक्यावर तारा आल्या आहेत.

शिवाय डब्ल्यूडीएम-२ मध्ये चाके फिरवते ती वीजच. डिझेल इंजिन जनित्र फिरवते, त्या विजेवर सहा मोटारी चालतात, प्रत्येक आसाला एक. एवढा द्राविडी प्राणायाम का? कारण डिझेल इंजिनाला थांबलेल्या स्थितीतून ओझे उचलता येत नाही, ते आधी फिरत असावे लागते. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चिखलातून निघताना क्लच कसा जाळतो ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दोन हजार टनांची मालगाडी क्लचवर निघणे शक्यच नाही. डीसी मोटार उभ्या जागी सर्वांत जास्त जोर लावते, म्हणून मध्ये वीज आली. मोटारीच्या १८ दातांच्या चाकाने आसावरचे ६५ दातांचे चाक फिरते. आपल्याकडे ४८ व्होल्टची, ई-रिक्षात असते तशी मोटार आणि तिचा कंट्रोलर सहज मिळतो. मोटार मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल आणि १२० मिलिमीटरचे चाक ताशी ८ किलोमीटर वेगाने फिरवायचे असेल, तर चाकाच्या होतात साडेतीनशे फेऱ्या. म्हणजे वेग साडेआठ पटींनी उतरवायचा. एका टप्प्यात हे होत नाही, दोन टप्प्यांत चेन आणि स्प्रॉकेटने होते. प्रत्येक बोगीला पाचशे वॉटची एक मोटार आणि तिन्ही आस चेनने जोडलेले, ही माझ्या मते सर्वांत सरळ मांडणी. एकच मोटार घालून एका बोगीचेच आस फिरवले तर निम्मे वजन पकडीच्या कामातून गेले.

बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या म्हणजे ४.८ युनिट वीज. निम्मीच वापरली आणि सरासरी तीनशे वॉट लागले तरी आठ तास. त्यांचे शंभर-सव्वाशे किलो वजन इथे ओझे नाही, हवेच आहे. मात्र त्या लाँग हूडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या लांब टपात मावतात का, ते कागदावर खऱ्या मापांनी आधी पाहावे.

अल्कोचे रूप पुरे व्हायला आवाज आणि काळा धूर हवाच. धुराचे कारण मोठे रंजक आहे. चालक हँडल एकेक खाच पुढे सरकवतो, अशा आठ खाचा असतात. खाच बदलताच इंधन लगेच वाढते, पण हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून न जळलेला काजळीचा लोट. आपण धूर सोडून द्यावा, खाचा मात्र ठेवाव्यात. साध्या फिरत्या स्विचवर आठ टप्पे बसवले की मुलालाही झटका न देता गाडी चालवता येते.

आता खरा जीव जिथे आहे तिकडे येऊ: चाके आणि बोगी. सातारा-सांगलीचा पट्टा या कामाला जन्मजात योग्य आहे, असे म्हणायला हरकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना थाटला तो कुंडल रोड स्टेशनच्या शेजारी. पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. दोन्ही कारखाने लोखंडी नांगरांसाठी नावाजले, आणि दोन्ही घराण्यांनी पुढे डिझेल इंजिनांत पाय रोवला. त्यांच्या सावलीत शिकलेले ओतारी, टर्नर आणि फिटर आजही कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करतात. बारा चाकांचे ओतकाम हे त्यांच्यासाठी किरकोळ काम आहे. लाकडी पॅटर्न मात्र नीट करून द्यावा. बिडाचे लोखंड थिजून थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून १२० मिलिमीटरच्या चाकाच्या पॅटर्नला आकसण्याची आणि लेथवर तासण्याची अशी दोन्ही वाढ धरावी लागते. नव्या माणसाने पॅटर्न नेमका १२० चा केला, की चाक हाती येते ते जेमतेम ११९ चे, आणि तेही तासण्याआधी.

चाकाचा कडेचा आकार हा सगळ्यांत महत्त्वाचा. रेल्वेचे चाक सपाट नसते, आतून बाहेर निमुळते असते, वीसास एक या प्रमाणात. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, मग बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते. एकाच आसावर घट्ट बसलेली दोन चाके त्यामुळे वेगवेगळे अंतर कापतात आणि वळण पार पडते. मोटारगाडीसारखा डिफरन्शियल लागत नाही. पण याला मर्यादा आहे. आपल्या मापाची जोडी तीन मिलिमीटर बाजूला सरकली, तर ती सुमारे ३७ मीटर त्रिज्येचेच वळण निभावते. त्याहून तीव्र वळणावर चाकाची कड रुळाला घासणारच. खऱ्या ब्रॉड गेजवर किमान त्रिज्या १७५ मीटर, तिचा नववा हिस्सा १९ मीटर. तेवढी जागाही सांगलीच्या बंगल्याच्या परसात नसते, मळ्यात असू शकते. म्हणून तीन आसांच्या बोगीत मधल्या चाकांची कड थोडी बारीक तासतात आणि वळणावर कडेला थोडे ग्रीस लावतात. चाकाच्या माथ्यावर ग्रीस गेले तर मात्र पकड गेली.

डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीची एक खोड प्रतिकृती करणाऱ्याने विसरू नये. तिचे तीन आस समान अंतरावर नाहीत, एका बाजूचे दोन जवळ आहेत. सोयीसाठी समान केले, तर जाणकाराला लांबूनही खटकते. स्प्रिंगा मात्र मापाने करू नका. खऱ्या स्प्रिंगा लहान केल्या तर त्या दगडासारख्या ताठ होतात. प्रत्येक चाक तीन-चार मिलिमीटर वरखाली हलले पाहिजे, नाहीतर रुळाचा एखादा सांधा खाली बसला की एक चाक हवेत, आणि हवेतल्या चाकाला वळण समजत नाही.

डब्यांबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत, आणि अपघात तिथेच होतात. मधल्या रेषेपासून रूळ ९२ मिलिमीटरवर. डबा चाळीस किलोचा, त्यात तीन मुले मिळून नव्वद किलोची. रस्त्याकडेच्या आजीला हात हलवण्यासाठी तिघांनी एकाच वेळी आपले वजन पंधरा सेंटिमीटर बाहेर नेले, की ९० गुणिले १५ म्हणजे १३५० होतात. डबा सावरणारा आकडा १३० गुणिले ९.२, म्हणजे ११९६. डबा कलंडला. वळणावरच्या वेगाने हे होत नाही, ताशी ८ किलोमीटरला वळणाचा जोर नगण्यच असतो. म्हणून बैठक जितकी खाली नेता येईल तितकी न्यावी, पाय रुळाच्या दोन्ही बाजूंना फळीवर ठेवायला लावावेत आणि डब्याच्या तळाशी वजन घालावे.

ब्रेकचाही हिशेब करावा. फक्त इंजिनाला ब्रेक असेल, तर ६०५ किलोची गाडी ताशी ८ किलोमीटर वेगावरून पन्नासास एक उतारावर थांबायला पाच मीटर घेते, ओल्या रुळावर दहा. वेग दुप्पट केला की अंतर चौपट. एका डब्याला तरी स्वतःचा यांत्रिक ब्रेक हवा. चालकाचा हात सुटला की वीज तोडणारा स्विच आणि बॅटरीजवळच फ्यूज, या दोन्ही गोष्टी ऐच्छिक नाहीत.

रुळासाठी २५ बाय १० मिलिमीटरची लोखंडी पट्टी उभी वापरली तरी चालते. सांगलीच्या मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत रुळाच्या तापमानात ४५ अंशांचा फरक धरला, तर सहा मीटरची पट्टी तीन मिलिमीटरहून जास्त वाढते. सांध्यात तेवढी फट ठेवावी, नाहीतर उन्हाळ्यात रूळ साप होतो.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून इंजिनिअर घडवत आहेत. ओतकाम, लेथ, मोटार, कंट्रोलर, ब्रेक आणि सुरक्षितता हे सगळे एकाच यंत्रात शिकवणारा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हवा असेल, तर नवव्या हिश्शाचे डब्ल्यूडीएम-२ घ्या. फक्त क्रम कॅलथ्रॉपचा ठेवा. आधी वीस मीटर रूळ टाका आणि एक डबा बनवा. त्यात तिघांना बसवून ढकला आणि वळणावर काय होते ते पाहा. इंजिनाचे ड्रॉइंग त्यानंतर उघडा.